*पीक सल्ला (द्राक्ष) : धुकं की धूळ? ब्लोअर जोडण्याआधी मोबाईलवर बघा*



थंडीत एखादी सकाळ धुरकट उजाडली की फोन सुरू होतात, "सर, धुई पडलीय, डावणीचं औषध मारून घेऊ का?" जरा थांबा. धुरकट दिसतं ते सगळं धुकं नसतं.

२३ जानेवारी २०२२ चा रविवार आठवा. मुंबईपासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत सूर्य फिका पडला, गाड्यांवर पांढुरकी पूड बसली. ती कराचीकडून समुद्रावरून वाऱ्याबरोबर आलेली धूळ होती. उपग्रहाच्या चित्रात अरबी समुद्रावर तिचा पट्टा दिसत होता.

डावणीला पानावर ओल लागते. धूळ कोरडी असते. धुळीला धुकं समजून फवारलं तर औषध, डिझेल वाया आणि निर्यातीच्या मालात अवशेषांची काळजी वेगळीच.

*चित्र कसं ओळखायचं?*
मोबाईलवर 'नासा वर्ल्डव्ह्यू' शोधा. फुकट आहे. तारीख निवडून नकाशा आपल्या भागावर आणा.

▪️ *धुकं* : पांढरं, सपाट, नदीच्या खोऱ्यात साचलेलं. ऊन चढलं की विरतं.
▪️ *धूळ* : पिवळट-भुरकट लांब पट्टा. जमिनीवर मातीच्या रंगात मिसळते, म्हणून आधी समुद्रावर बघा. निळ्या पाण्यावर लगेच कळते.
▪️ *धूर* : करडा-निळसर, एका जागेवरून निघून वाऱ्याच्या दिशेने पसरलेला. आग कुठे आहे ते 'नासा फर्म्स'वर लाल ठिपक्याने दिसतं. पण एक ठिपका म्हणजे साधारण ३७५ मीटर लांब-रुंद, जवळपास ३५ एकरांचा चौकोन. त्यावरून शेजाऱ्याशी भांडायला जाऊ नका!

उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास वरून जातो, चित्र काही तासांनी येतं. म्हणून सकाळी *कालचं* चित्र बघा. काल समुद्रावर पट्टा आपल्या दिशेने असेल, तर आज इथे धूळ असू शकते. ताजं चित्र हवं असेल तर हवामान विभागाच्या साईटवर इन्सॅटची चित्रं दिवसभर येत राहतात.

*शेवटचा निकाल पानावर*
उपग्रह वरून बघतो. धूळ उंचावरून निघून गेली तर खाली काहीच नसतं. म्हणून सकाळी बागेत जाऊन पानावर बोट फिरवा.

✅ बोट ओलं झालं : दव किंवा धुकं. ओल किती वेळ टिकली आणि बाग कोणत्या अवस्थेत आहे ते कळवा, मग औषध ठरवू.
✅ कोरडी पूड लागली : धूळ. बुरशीनाशक थांबवा. पानाची खालची बाजू मात्र तपासा, धुळीत लाल कोळी वाढतो.
✅ दोन्ही असेल : ओल धरूनच निर्णय घ्या.

धुळीच्या दिवशी बागेत तोंडाला रुमाल बांधा. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना बाहेर पाठवू नका.

ओळखता आलं नाही तर चित्राचा स्क्रीनशॉट आणि पानाचा फोटो ग्रुपवर टाका. फवारणी झाल्यावर नाही, *आधी* टाका.

– आपला कृषी सल्लागार