अठरा फुटांचा उतार

सास्तूरमध्ये मुलांसाठी खोली बांधायची म्हटलं, की बोलणं आधी छतावर येतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा इथली दगड-मातीची घरं मातीच्या माळवदी छतांसकट झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. मातीच्या ज्या थरानं ऊन अडायचं, त्याचाच भार जिवावर उठला.

लोहारा तालुक्यातल्या या गावात दिव्यांग मुलांच्या एका खोलीचं काम मी पाहत होतो. छप्पर हलकं, पत्र्याचं. पण पावसात पत्रा ताशासारखा वाजतो आणि आवाजाला बिचकणारं मूल वर्गात थांबत नाही. म्हणून खालून बांबूचे तट्टे लावायचं ठरलं. तेवढाच उन्हालाही आडोसा. हादऱ्यात भिंती एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून दारांच्या वर चारी बाजूंनी काँक्रीटचा सलग पट्टा ओतलेला होता.

खरी घासाघीस झाली उतारावरून. जोतं दीड फुटाचं. गवंडीमामांनी सहा फुटांचा उतार आखला होता. "मोटरसायकल चढती की सर यावरून!" पण चाकाची खुर्ची मूल स्वतःच्या हातांनी ढकलतं. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हा नियम. त्या हिशेबानं अठरा फूट हवेत. दोरी ताणून फक्की टाकली, तर रेघ थेट लिंबाच्या आळ्यात गेली. शेवटी उतार मध्ये वळवला. वळणावर पाच फुटांचा सपाट चौक ठेवला. तिथं खुर्ची फिरते, मूल दमही खातं.

मग बाकीचं. दार तीन फूट रुंद, उंबरा नाही. कडी मुलाच्या हाताला येईल अशी. अंधूक दिसणाऱ्यांसाठी फिकट भिंतीत गडद चौकट. फरशी शहाबादी, पॉलिश न केलेली. संडासाचं दार बाहेर उघडणारं. आत पडलेल्या मुलाला ते अडत नाही.

भूकंपात पोरक्या झालेल्या मुलांसाठी पन्नालाल सुराणांच्या पुढाकारानं नळदुर्गला 'आपलं घर' उभं राहिलं. मुलाला निवाऱ्याबरोबर आपलेपणाही लागतो, हे या भागानं तेव्हाच ओळखलं. दिव्यांग मुलाचा आपलेपणा मात्र दारापासून सुरू होतो. कुणाला हाक न मारता आत-बाहेर करता आलं, तरच खोली त्याची. म्हणून नकाशावर सही करणाऱ्यांना एक विनंती : आधी चाकाच्या खुर्चीत बसा आणि फाटकापासून संडासापर्यंत एकट्यानं जाऊन या.