सपाट पडदा आणि सव्वाशे वर्षे

गणपती जवळ आले की लालबाग, परळ, गिरगावातल्या देखाव्यांच्या जाहिरातींत गेली काही वर्षे ‘होलोग्राम’ हा शब्द दिसू लागला आहे. आत गेल्यावर बहुतेक ठिकाणी मांडणी सारखीच असते. मंडपात काळोख केलेला, पुढे नजरेला जाणवणार नाही इतकी तलम जाळी ताणलेली, कुठेतरी वर प्रोजेक्टर दडवलेला आणि काळोखात तरंगणारे शिवराय किंवा हनुमान. देखावा देखणा असतो, त्यामागे पोरांनी कित्येक रात्री जागवलेल्या असतात. पण उभ्या जागेवरून एक पाऊल डावीकडे सरकून पाहा. महाराजांच्या उजव्या गालाचा तसूभरही जास्त भाग दिसत नाही. मूर्तीसमोर तसेच सरकलात तर लगेच दिसतो. जाळीवरचे ते चित्र सपाटच आहे. फरक एवढाच, की जाळी दिसत नाही.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. तेवढ्या अंतराने प्रत्येक डोळ्याला वस्तू किंचित वेगळी दिसते आणि मेंदू त्या फरकातून खोली काढतो. चित्रात खोली हवी तर डाव्या डोळ्याकडे एक किरण आणि उजव्याकडे दुसरा किरण पाठवायला हवा. पांढरा पडदा नेमके याच्या उलट करतो. त्याच्यावर पडलेला प्रत्येक ठिपका तो सगळ्या दिशांना सारखा उधळतो. म्हणून पहिल्या रांगेतल्याला आणि बाल्कनीतल्याला एकच चित्र दिसते, आणि म्हणूनच दोन्ही डोळ्यांनाही एकच दिसते. सिनेमा सर्वांचा झाला तो पडद्याच्या या गुणामुळे, आणि खोली गमावली तीही त्यामुळेच. चष्म्याशिवाय खोली दाखवण्याचा सगळा इतिहास माझ्या मते प्रोजेक्टरपेक्षा या पडद्याचा इतिहास आहे.

आपल्याकडे त्याची सुरुवात मुंबईच्या वेशीवर, कल्याणला झाली. महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे मुलगे यांनी 1890 नंतरच्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ नावाने काचचित्रांचे खेळ सुरू केले. दिवा, भिंगे आणि हाताने रंगवलेल्या काचा एवढेच भांडवल. विलायती मॅजिक लँटर्न तोवर मुंबईत आलेला होता; पटवर्धनांनी त्यात आपले पुराण, आपला रंग आणि आपले निवेदन घातले. एकाहून अधिक दिव्यांची चित्रे एकाच पडद्यावर पाडायची आणि काचा अशा हलवायच्या, की पात्रे हालचाल करताहेत असे वाटावे. या रंगकामाची कल्पना करून पाहावी. हाताएवढ्याही नसलेल्या काचेवर काढलेला डोळा पडद्यावर वीतभर होतो. कुंचल्याचा एक केस वाकडा गेला तर शेवटच्या माणसालाही दिसतो. मागचे दृश्य एका दिव्यातून आणि पुढचे पात्र दुसऱ्यातून आले की डोळ्याला पुढे-मागेचा भास होतो. किरण मात्र पडद्यावर पोचल्यावर तिथेही उधळलेच जात होते.

7 जुलै 1896 रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलचित्रांचा खेळ झाला. त्यांतल्या एकात स्टेशनात येणारी आगगाडी होती. ती पडद्यातून बाहेर येईल असे वाटत असे, पण ती कोपऱ्यातून तिरकी मोठी होत येण्याची किमया होती. खुद्द लुई ल्युमिएरलाही तेवढ्यावर समाधान नसावे. 1935 साली त्याने आगगाडीचेच दृश्य दोन भिंगांनी पुन्हा चित्रित करून रंगीत काचांच्या चष्म्यांतून दाखवले. वॉटसनमधले खेळ पाहून भारलेल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, पुढे कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनवरची कुस्ती चित्रित केली.

गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून दादासाहेब फाळके झपाटले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरचा एक तपशील मला जास्त मोलाचा वाटतो. फाळक्यांनी खेळण्यातले यंत्र आणि फिल्मचे तुकडे आणले आणि मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडून रात्री घरच्या भिंतीवर चित्रे पाडून पाहिली. सतत सिनेमे बघून दृष्टी अधू झाली, उपचार घ्यावे लागले, तरी हा नाद सुटला नाही. दादरच्या मथुरा भवनात ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. तिथून पुढे मुंबईतल्या पडद्याला गती मिळाली, आवाज मिळाला, रंग मिळाला. खोलीचा प्रश्न मागे पडला तो पडलाच.

तो प्रश्न सुटत होता भिंतीवरच्या तसबिरीत. जुन्या घरांत, एखाद्या वाण्याच्या किंवा न्हाव्याच्या दुकानात पट्ट्यांची देवतसबीर असे. समोर उभे राहिले की गणपती, डावीकडून लक्ष्मी, उजवीकडून सरस्वती. ती जवळून पाहिली तर युक्ती कळते. मागे एक अखंड चित्र, त्याच्यापुढे एकसारख्या अंतरावर उभ्या पट्ट्या, आणि आणखी दोन चित्रांच्या चिंध्या कापून पट्ट्यांच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या. पट्टी एका बाजूचा उजेड अडवते, दुसऱ्या बाजूचा जाऊ देते. म्हणजे चित्र कुठल्या दिशेला जाणार हे पट्टी ठरवते. आता ही पट्टी इतकी बारीक करा की डाव्या डोळ्याला एक बाजू आणि उजव्याला दुसरी दिसेल. झाली खोली तयार. अमेरिकेत फ्रेडरिक आइव्ह्जने 1903 साली नेमके हेच पेटंट घेतले.

पट्टी उजेड अडवते, म्हणून चित्र काळवंडते. भिंग अडवत नाही, वळवते. फ्रान्सच्या गाब्रिएल लिपमनने 1908 मध्ये माशीच्या डोळ्यासारखा असंख्य बारीक भिंगांचा पत्रा सुचवला; प्रत्येक भिंगामागे दृश्याचे एक चिमुकले चित्र, आणि भिंग ते आपापल्या दिशेला पाठवणार. त्याच साली त्याला नोबेल मिळाले, पण ते रंगीत छायाचित्रणासाठी. त्याच्या कल्पनेचा साधा अवतार आपण सगळ्यांनी हाताळला आहे. दादरच्या फुटपाथवर मिळणारे, हलवले की डोळे मिटणारे किंवा मागचा डोंगर खरोखर मागे गेलेला दाखवणारे प्लास्टिकचे देव. त्यावर आडवे नख फिरवले की खर्र आवाज येतो, कारण तिथे उभ्या भिंगांच्या सरी आहेत. तेच चित्र आडवे धरा, खोली नाहीशी होते. आता दोन्ही डोळे एकाच सरीत एकच तुकडा पाहतात. दहा-वीस रुपयांच्या या वस्तूत मंडपातल्या जाळीपेक्षा जास्त खरी खोली आहे, आणि ती चष्म्याशिवाय दिसते.

चष्मा किंवा दुर्बिणीसारखी डबी चालत असेल तर गोष्ट कधीच सोपी झाली होती. मुंबईच्या पटेल इंडिया कंपनीने इथे बनवलेला व्ह्यू-मास्टर घराघरांत गेला. एका चकतीवर 14 इवल्या फिल्म, म्हणजे 7 जोड्या, खटका दाबला की पुढचे दृश्य. 1984 साली आलेल्या ‘माय डिअर कुट्टिचातन’ या त्रिमिती चित्रपटाची हिंदी आवृत्ती ‘छोटा चेतन’ पाहायला लोकांनी पुठ्ठ्याचे चष्मे लावून हात पुढे केले. तिथे पडदाही बदलावा लागतो. दोन डोळ्यांची चित्रे वेगळी ठेवणाऱ्या ध्रुवित प्रकाशाची जात टिकावी म्हणून तो चंदेरी घ्यावा लागतो. चष्मा काढला की मात्र दोन चित्रांची भेसळ.

चष्म्याविना पडद्यावर खोली दाखवणारे चित्रपटगृह जगात प्रत्यक्ष चालले ते मॉस्कोत. सेम्यॉन इव्हानोवने 1941 मध्ये पडद्यापुढे सुमारे 30 हजार बारीक तारा ताणल्या, म्हणजे आपली पट्ट्यांची तसबीरच भिंतीएवढी केली. पुढे तारांच्या जागी भिंगांचा पडदा आला आणि 1947 मध्ये ‘रॉबिन्सन क्रूसो’ तिथे लागला. प्रेक्षकाने डोके नेमक्या जागी धरले तरच खोली दिसे. मान हलली की चित्र दुभंगे. लोकांनी दोन तास असे बसावे ही अपेक्षाच कठीण होती.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राचा आरंभ 1977 साली प्रकाश आणि दृष्टी या विषयावरच्या प्रदर्शनाने झाला, याचे मला अप्रूप वाटते. अशा केंद्रांत अंतर्गोल आरशाचा एक प्रयोग बहुधा असतो. हवेत तरंगणारी वस्तू पकडायला मूल हात घालते आणि मूठ रिकामी मिटते. ती प्रतिमा खरीखुरी त्रिमिती असते, कारण प्रत्येक किरण जिथून यायला हवा तिथूनच येतो. पण त्यासाठी आत खरी वस्तू ठेवावी लागते. डेनिस गाबोरने 1947 मध्ये शोधलेला होलोग्राम वस्तूवाचून तेच किरण पुन्हा उभे करतो. लेसर आल्यावर तो हाती आला आणि 1971 मध्ये गाबोरला नोबेल मिळाले. तो काचेवर किंवा फिल्मवर टिपलेला असतो. काळोखात नाचणारा माणूस म्हणजे होलोग्राम नव्हे.

मग 2012 च्या गुजरात निवडणुकीत आणि 2014 च्या लोकसभा प्रचारात एकाच वेळी अनेक गावांत उभे राहून बोलणारे नरेंद्र मोदी काय होते? ती 1862 साली लंडनमध्ये जॉन हेन्री पेपरने गाजवलेली भुताची युक्ती. रंगमंचावर तिरकी काच आणि प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी उजेडात उभा नट. काचेत त्याचे प्रतिबिंब उमटते आणि काच दिसत नाही. यात एक बारकावा हमखास निसटतो. पेपरच्या भुताला खरी खोली होती, कारण प्रतिबिंब हाडामांसाच्या नटाचे होते. आज काचेऐवजी पारदर्शक फिल्म असते आणि प्रतिबिंब पडते ते सपाट चित्राचे. दीडशे वर्षांत यंत्र सुधारले आणि खोली गेली.

आता लालबागच्या मंडपाचा हिशेब मांडू. दहा मीटरवर उभ्या माणसाच्या दोन डोळ्यांमधला कोन भरतो एक अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त. गर्दी चाळीस अंशांत पसरली असेल, तर प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र देण्यासाठी शंभराहून अधिक चित्रे एकाच क्षणी, प्रत्येक आपल्या दिशेला, पाठवावी लागतील. डोके वर-खाली हलवण्याचा हिशेब यात धरलेलाच नाही. हंगेरीतल्या होलोग्राफिका कंपनीने अनेक प्रोजेक्टरांची रांग आणि किरणांची दिशा राखणारा खास पडदा वापरून असे पडदे बनवले आहेत. एकट्या माणसाचे डोळे कॅमेऱ्याने टिपून फक्त त्याच्याकडे दोन किरण वळवणारे पडदेही निघाले. ते टेबलावर उत्तम चालतात, लाखोंच्या रांगेपुढे नाही.

तरी मंडळांना माझे सांगणे आहे, की याची सुरुवात लहान करता येईल. मुंबईत भिंगांच्या प्लास्टिक पत्र्यावर छपाई करणारे आहेत. दोन फुटांचे का होईना, एक खरे खोलीचे चित्र देखाव्यात ठेवा आणि ते कसे चालते ते शेजारी मराठीत लिहा. जाळीवरच्या चित्राला होलोग्राम म्हणू नका. त्याची कारागिरी त्या नावावाचूनही उभी राहते. आणि ज्यांच्या माळ्यावर पट्ट्यांची देवतसबीर, रंगवलेल्या काचा किंवा व्ह्यू-मास्टरच्या चकत्या पडून असतील, त्यांनी चाळ पुनर्विकासाला देताना त्या भंगारात घालू नयेत. पेडर रोडवर गुलशन महालात भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय 2019 पासून उघडे आहे. आधी तिथे विचारा.