ॲक्झोलॉटलची भाकरी कोणती?

सोलापूर जिल्ह्यांतील माणसास "तुमचें जेवण कोणतें?" असें विचारलें, तर तो प्रथम ज्वारीच्या भाकरीचें नांव घेईल. शेंगांची चटणी, पिठलें, वांग्याची भाजी हे पदार्थ ताटांत पाळीपाळीनें येतात व जातात. त्यांना आपण 'तोंडीं लावणें' म्हणतों. मंगळवेढ्याच्या काळ्या रानांत पिकणाऱ्या मालदांडी ज्वारीची भाकरी मात्र रोजची. जें अन्न नित्य खाल्लें असतां शरीर वाढतें व टिकतें तें मुख्य अन्न. बाकीचें सारें रुचिपालटासाठीं. हा भेद आपल्या ताटापुरता आपणांस उत्तम कळतो. परंतु घरीं पाळलेल्या मुक्या जीवाच्या ताटापुढें आपण तो हटकून विसरतों. माशांस पावाचा चुरा, मांजरास नुसतें दूध, सशास पोळी! देणाऱ्याच्या मनांत प्रेम असतें. पण प्रेमानें दिलेलें सर्वच अंगीं लागतें असें नाहीं.

अलीकडे संगणकावरील खेळांतून व चित्रांतून ॲक्झोलॉटल हा प्राणी आपल्या विद्यार्थ्यांच्या चांगलाच ओळखीचा झाला आहे, आणि "आम्ही हा पाळूं का?" असा प्रश्न घरोघरीं आईवडिलांपुढें येऊं लागला आहे. म्हणून त्याच्या भाकरीचा विचार येथें करावा असें आम्हांस वाटतें.

ॲक्झोलॉटल हा मासा नव्हे. तो बेडकाप्रमाणें उभयचर वर्गांतील आहे. बेडकाचें पिल्लूं प्रथम पाण्यांत राहून कल्ल्यांनीं श्वास घेतें. पुढें त्यास पाय फुटतात, कल्ले व शेपूट जातात आणि तें जमिनीवर येतें. ॲक्झोलॉटलास पाय फुटतात, तो वयांत येतो, अंडींही घालतो. परंतु मानेच्या दोहों बाजूंचे पिसांसारखे कल्ले तो टाकीत नाहीं व सहसा पाणीही सोडीत नाहीं. म्हणजे प्रौढ होऊनही तो जन्मभर बाळरूपांतच राहतो. त्याचा तुटलेला पाय पुन्हां फुटतो, हें तर शास्त्रज्ञांस मोठेंच नवल वाटतें. १८६४ सालीं पॅरिस येथील वनस्पति-उद्यानांत ऑग्युस्त द्युमेरील यांस असे सहा प्राणी मिळाले, व तेव्हांपासून जगांतील प्रयोगशाळांत त्यांची पैदास होत आली. मूळ घरीं मात्र त्यांची दैना आहे. मेक्सिको शहरांतील शोचिमिल्को येथील कालव्यांत १९९८ सालीं एका चौरस किलोमीटरांत सुमारे ६००० प्राणी असावेत असा अंदाज होता. २०१४ च्या गणनेंत तो आंकडा सुमारें ३६ वर आला. ज्या जीवाची जात रानांतून अशी नाहींशी होत आहे, त्याचें एक जरी पिल्लूं आपल्या हातीं आलें, तरी त्याचें पोट ही थट्टेची गोष्ट नव्हे.

आतां त्याचें तोंड पाहूं. कोणाचें अन्न कोणतें हें ठरवितांना आपल्या आवडीपेक्षां खाणाऱ्याचे दांत पाहावे. ॲक्झोलॉटलाचे दांत अगदीं बारीक असतात. ते भक्ष्य धरून ठेवतात, चावूं शकत नाहींत. तो एकदम तोंड उघडतो, पाण्याच्या ओढीबरोबर भक्ष्य आंत येतें व तो तें सबंध गिळतो. तो मांसाहारी आहे. स्वदेशीं तो कृमि, किड्यांच्या अळ्या, लहान कोळंबीसारखे जीव व लहान मासे खातो. यावरून त्याच्या भाकरीचीं लक्षणें सहज निघतात: ती प्रथिनांनीं भरलेली असावी, चरबीनें जड नसावी, मऊ असावी, तींत टणक कवच वा काटा नसावा, आणि तिचा तुकडा त्याच्या दोन डोळ्यांतील अंतराहून रुंद नसावा.

हीं सारीं लक्षणें ज्या एका जीवांत मिळतात, तो म्हणजे आपल्या पायांखालचें गांडूळ. त्यांतील पाणी वगळलें, तर उरलेल्या भागांत निम्म्याहून अधिक प्रथिन असतें. तें मऊ आहे, हाडें नाहींत, आणि वळवळतें म्हणून चटकन् दृष्टीस पडतें. अनुभवी पाळणारे प्रौढ ॲक्झोलॉटलास गांडूळ हेंच मुख्य अन्न देतात.

परंतु येथें एक बारकावा आहे. आपल्याकडे गांडूळखतासाठीं दोन विदेशी जाती विशेष वापरतात. आयसेनिया फेटिडा ही तांबडी, पट्ट्यापट्ट्यांची, बारीक जात डिवचली असतां पिंवळट, दुर्गंधी रस सोडते. त्यामुळें पुष्कळ ॲक्झोलॉटल ती तोंडांत घेऊन थुंकून टाकतात. दुसरी युड्रिलस युजेनी ही मूळची आफ्रिकेंतील, लांब व जाड जात. ती तसा रस सोडीत नाहीं, व उष्ण हवाही तिला सोसते. सोलापुरांत गांडुळें घरीं वाढवावयाचीं तर हीच निवडावी. सावलींत ठेवलेल्या भोंकाच्या कुंडींत जुनें, निवलेलें शेणखत, वाळका पाला व भाजीचे देंठ घालून ओल राखली म्हणजे पुरे. मात्र डाळिंबाच्या वा द्राक्षांच्या बागेंतून गांडुळें उकरून आणूं नयेत. तेथें फवारलेलें औषध गांडुळाच्या पोटांत असूं शकतें, व तेथून तें आपल्या प्राण्याच्या पोटांत जाईल. गांडूळ स्वच्छ पाण्यांत धुवावें, व मोठें असल्यास त्याचे तुकडे करावे.

मग तोंडीं लावणें कोणतें? मत्स्यपालनाच्या दुकानांत गोठविलेल्या तांबड्या अळ्यांच्या वड्या मिळतात. लहान पिल्लांस त्या चांगल्या. परंतु मोठ्यास केवळ त्यांवर ठेवणें म्हणजे वाढत्या मुलास कोशिंबिरीवर ठेवण्यासारखें आहे. मांसाहारी माशांसाठीं केलेल्या, पाण्यांत बुडणाऱ्या मऊ गोळ्या अधूनमधून चालतात. वर तरंगणारा चुरा उपयोगाचा नाहीं. अंड्यांतून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांस मात्र हलणारें, जिवंत, अतिसूक्ष्म भक्ष्यच लागतें. त्यांच्यासाठीं आर्टेमियाचीं नुकतीं फुटलेलीं पिल्लें वा डॅफ्निया द्यावे.

कांहीं पदार्थ वर्ज्यच समजावे. ट्युबिफेक्स नांवाचे तांबडे कृमि स्वस्त मिळतात. पण ते बहुधा सांडपाण्याच्या गाळांत वाढतात, व रोग बरोबर आणतात. दुकानांतील छोटे गोल्डफिश खाऊं घालणेंही बरें नव्हे. त्यांच्यांत परोपजीवी असूं शकतात, आणि थायमिन या जीवनसत्त्वाचा नाश करणारें एक द्रव्यही असतें. बकऱ्याचें काळीज वा कोंबडीचे तुकडे नित्य देणें त्याच्या पचनास मानवत नाहीं. टांकीच्या तळाशीं बारीक खडेही नसावेत. भक्ष्य ओढतांना तो खडाही गिळतो, व आंतड्यांत अडकलेला खडा त्याचा जीव घेतो.

किती द्यावें? लहान पिल्लास रोज. प्रौढास आठवड्यांतून दोन-तीन वेळां. पोटाची रुंदी डोक्याच्या रुंदीइतकी असली म्हणजे आहार बेताचा आहे असें समजावें. उरलेला तुकडा त्याच दिवशीं काढून टाकावा. तो सडून पाण्यांत अमोनिया वाढतो, व नाजूक कल्ले भाजल्यासारखे होतात.

येथवर आलेल्या वाचकास आम्ही एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. उत्तमांत उत्तम गांडूळही तापल्या पाण्यांत निरुपयोगी ठरतें. शोचिमिल्को समुद्रसपाटीपासून सुमारें २२०० मीटर उंच आहे, व ॲक्झोलॉटलास १६ ते १८ अंश सेल्सिअसचें गार पाणी मानवतें. २४ अंशांच्या वर तो अन्न सोडतो, रोगास बळी पडतो. आपल्या सोलापुरांत वैशाखांत पारा ४० अंशांच्या पलीकडे जातो. तेव्हां पाणी थंड ठेवणारें यंत्र, वीज गेल्यास त्याची सोय, व नळाच्या पाण्यांतील क्लोरीन काढण्याची व्यवस्था हीं सर्व आधीं. गांडुळाची कुंडी मागाहून. शिवाय हा प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापार-निर्बंधांच्या यादींत असल्यानें, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें तो बाळगणाऱ्यानें शासनाकडे त्याची नोंदणी करावयाची असते. आणि कंटाळा आला म्हणून त्यास हिप्परग्याच्या तलावांत सोडणें ही तर दुहेरी क्रूरता होईल: त्याचा तेथें अंत होईल, आणि त्याच्या अंगावरचे रोगजंतु आपल्या बेडकांस बाधूं शकतील.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलाचा हट्ट एकदम मोडूं नये, व एकदम पुरवूंही नये. आधीं त्यास कुंडी द्यावी व एक वर्ष गांडुळें सांभाळावयास सांगावें. उन्हाळ्यांत तीं जगविलीं, ओल राखली, आळस केला नाहीं, तर त्याची परीक्षा झाली असें समजावें. पुढें गार पाण्याची सोय घरास न झेपल्यास ॲक्झोलॉटल आणूं नये. तोही दयेचाच एक प्रकार आहे. कुंडींतलें खत तर वायां जात नाहीं. दाराशीं लावलेला मोगरा त्यावर फुलेल. आणि विद्यार्थीमित्रहो, पाहुण्याला काय रुचेल हें न विचारतां आपल्याला आवडतें तेंच त्याच्या ताटांत वाढणारा यजमान आपणांस आवडत नाहीं. मुका प्राणी आपल्या घरचा पाहुणाच आहे. त्यास मागतां येत नाहीं, म्हणून त्याच्या वतीनें विचार करणें आपल्याकडे आलें.