सेवाभावी संस्थेत नोकरी : अर्ज करण्यापूर्वी

'सेवाभावी वृत्तीचे उमेदवार पाहिजेत' अशी जाहिरात दिसली की आपले पदवीधर विद्यार्थी बहुधा पान उलटतात. काही जण गुणपत्रिकांच्या झेरॉक्स जोडून बँकेला केलेलाच अर्ज तिकडेही पाठवतात. आनंदवन, हेमलकसा, शोधग्राम, कुरखेड्याची 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' अशा संस्था आपल्याच दोन जिल्ह्यांत असल्यामुळे तेथे माणसे कशी निवडली जातात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

अशा ठिकाणी टक्केवारीला फारसे महत्त्व नसते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात गडचिरोलीतील ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यासाठी निवडलेल्या आरोग्यदूत त्याच गावच्या, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रिया होत्या. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटले होते. गावात राहणारी, घराघरांत सहज जाऊ शकणारी बाई, हीच तेथे मोठी पात्रता ठरली.

शिकलेल्या तरुणांची पारख शिबिरांतून होते. बाबा आमटे यांनी सुरू केलेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी आणि 'सर्च'ची २००६ पासूनची 'निर्माण' शिबिरे यांतून कितीतरी कार्यकर्ते पुढे आले. मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आठ दिवस शिबिर, मग वर्षभर अल्प मानधन, हे ज्याच्या घरी शेती वा पगार आहे त्याला परवडते. रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या आईबापांच्या मुलाला ते जमले नाही, म्हणून त्याचा सेवाभाव उणा ठरत नाही. शिवाय शासकीय अनुदान न घेणाऱ्या खासगी संस्थांना नोकरीतील आरक्षण लागू नाही. तेथे ओळखपाळख चालते, आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला बाबासाहेबांकडून धम्मदीक्षा घेतलेल्यांच्या नातवंडांची त्या वर्तुळात ओळख थोडीच असते.

म्हणून अर्जात आपले काम दिसू द्यावे. माडिया किंवा गोंडी बोलता येते, विहारातील अभ्यासिका दोन वर्षे चालवली, दीक्षा समारंभाच्या गर्दीत पाणीवाटप सांभाळले, वनहक्क दाव्यांसाठी गावकऱ्यांबरोबर जंगलाची हद्द फिरलो, हे सर्व अनुभवातच मोडते; आपली मुले ते लिहायला उगाच लाजतात. ग्रामसभांचाही विचार करावा. मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला व २०११ साली बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार आला. तेंदू-बांबूचा व्यवहार स्वतः करणाऱ्या ग्रामसभेला चोख हिशेब ठेवणारा माणूस लागतोच. बी.कॉम. झालेल्यांनी इकडे जरूर पाहावे.

मुलाखतीत विचारायला संकोचू नये : मानधन की वेतन? नेमणूकपत्र मिळेल काय? प्रकल्पाचा निधी किती महिन्यांचा आहे? वीस किंवा अधिक कर्मचारी असल्यास भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो, तेव्हा तेही विचारावे. न्यासाची नोंदणी व हिशेबपत्रके सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात पाहता येतात. असे प्रश्न विचारल्यावर ज्या संस्थेला राग येतो तेथे न गेलेलेच बरे.

अर्जाचा मसुदा तपासून हवा असल्यास विद्यार्थ्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात घेऊन यावा. सोबत मूळ जाहिरातही आणावी.