बारावीनंतरचे मोकळे वर्ष

ब्रिटनमध्ये शाळा संपल्यावर विद्यापीठात जाण्याआधी वर्षभर काम आणि प्रवास करण्याची पद्धत रुळलेली आहे. हेच ‘गॅप इयर’. ‘यूकॅस’ या सामायिक यंत्रणेतून अर्ज करतानाच पुढच्या वर्षीचा प्रवेश मागता येतो. विद्यापीठ तयार असेल, तर जागा राखली जाते. बरेच जण आधी दुकानात, हॉटेलात राबून पैसे साठवतात आणि मग निघतात. ऑस्ट्रेलियाच्या ‘वर्किंग हॉलिडे’ व्हिसावर शेतात फळतोडणी करूनही खर्च भागतो.

भारतीयांसाठी ऑस्ट्रेलियाने असाच व्हिसा २०२४मध्ये खुला केला: वय १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा, निवड सोडतीने. मात्र बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण झालेले लागते. आपल्याकडे असे वर्ष घेतल्यास पुढे प्रवेशावेळी अनेक ठिकाणी शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र मागतात. म्हणून त्या काळातल्या कामाचे दाखले जपून ठेवावेत.