‘बा’ कुणाचा?

सोलापुरातून विजापूर रस्त्याला लागले की मंद्रूप येते, आणि पुढे टाकळीपाशी भीमा ओलांडली की धुळखेड, म्हणजे कर्नाटक. या पट्ट्यात मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू कशा एकत्र नांदतात हे दक्षिण सोलापूरच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. या भाषांविषयी जे काही लिहिले जाते ते बहुतेक सीमावादापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. त्या वाटेने न जाता इथे एका अक्षराच्या एका शब्दाचा आढावा घ्यायचा आहे. तो शब्द म्हणजे ‘बा’. मंद्रूपच्या एखाद्या गल्लीत ‘इल्लि बा’ अशी हाक आली तर ती कन्नड असते, अर्थ ‘इकडे ये’. ‘माझा बा रानात गेलाय’ यात तो मराठी बाप असतो. ‘मला नाही बा ठाऊक’ यात तो बापही नसतो, अंग काढून घेणारा नुसता सूर असतो. उर्दूतल्या ‘बाइज्जत’, ‘बाकायदा’ या शब्दांत तो फारसीतून आलेला असतो आणि त्याचा अर्थ ‘सहित’ असा होतो. गुजरातीत तर बा म्हणजे आई. कस्तुरबांना देश याच नावाने ओळखतो. सोलापूरला गुजराती घराण्यांचेही वावडे नाही, वालचंद हिराचंद याच शहरातले.

एवढे अर्थ एका अक्षराभोवती जमले की काही अभ्यासकांना हुरूप येतो. एक पक्ष म्हणतो, हे सगळे संस्कृतातून फुटलेले फाटे आहेत. दुसरा म्हणतो, मुळात सगळे द्राविडी होते, वर संस्कृताचा मुलामा चढला. दोन्ही पक्ष एरवी एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, पण त्यांची रीत एकच आहे: कानाला सारखे लागले की नाते जोडायचे. माझा या रीतीला विरोध आहे आणि तो जुना आहे. शब्दांचे नाते उच्चाराच्या सारखेपणाने सिद्ध होत नाही. ते नियमित फरकाने सिद्ध होते. ‘बा’ हा शब्द याचा उत्तम पुरावा आहे.

कन्नड ‘बा’पासून सुरुवात करू. तमिळ आणि मल्याळममध्ये ‘ये’ला ‘वा’ म्हणतात. तमिळ शब्दाच्या आरंभी ‘व’ असेल तिथे कन्नडमध्ये सहसा ‘ब’ येतो. मूळ या अर्थाचा तमिळ ‘वेर्’ कन्नडमध्ये ‘बेरु’, धनुष्याचा ‘विल्’ म्हणजे ‘बिल्लु’, तोंडाचा ‘वाय्’ म्हणजे ‘बायि’, चांदीची ‘वेळ्ळि’ म्हणजे ‘बेळ्ळि’. ही यादी हवी तेवढी लांबवता येते, आणि ‘वा’चा ‘बा’ तिच्यात आपोआप बसतो. याहून भक्कम पुरावा मात्र या क्रियापदाच्या वाकडेपणात आहे. कन्नडमध्ये आज्ञार्थी ‘बा’, वर्तमानात ‘बरु’, भूतकाळात ‘बंद्’. तमिळमध्ये नेमके ‘वा’, ‘वरु’, ‘वंद्’. सरळ रूपे दोन भाषांत योगायोगाने जुळू शकतील, पण एकच अनियमितपणा तीन ठिकाणी तसाच्या तसा जुळणे योगायोगाने होत नाही. आता तेलुगू पाहा. सोलापूरच्या पद्मशाली वस्तीत ‘ये’ला ‘रा’ म्हणतात. कानाला ‘रा’ आणि ‘बा’ यांत काहीच साम्य नाही, तरी हे दोघे सख्खे भाऊ आहेत. मुळातल्या ‘वर्’मधला ‘र’ तेलुगूत स्वराच्या आधी सरकला, पुढे आरंभीचा ‘व’ गळाला आणि ‘रा’ उरला. तेलुगूत असे वर्णविपर्यास नियमाने झालेले आहेत. किटेलचा कन्नड कोश १८९४ मध्ये आला. बरो आणि एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश १९६१ मध्ये निघाला आणि १९८४ मध्ये सुधारून पुन्हा निघाला. ज्यांना कानावर विसंबायचे नाही त्यांच्यासाठी सामग्री केव्हाच तयार आहे.

उत्तरेतही ‘व’चा ‘ब’ झाला, पण तो स्वतंत्रपणे. मराठीत ‘वीस’, ‘विंचू’, ‘वाट’ राहिले. हिंदीत ‘बीस’, ‘बिच्छू’, ‘बाट’ झाले. बंगालीत संस्कृत ‘वा’चाही उच्चार ‘बा’ होतो, म्हणून तिथे ‘बा’ म्हणजे ‘किंवा’. भोजपुरीत ‘का हाल बा’ म्हणतात तो ‘बा’ म्हणजे ‘आहे’; संस्कृत ‘वर्तते’, मग ‘वट्टइ’, मग ‘बाटे’ आणि शेवटी ‘बा’ असा तो झिजत आला. फारसी ‘बा’ मध्य फारसीतल्या ‘अबाग’पासून आला. म्हणजे कन्नडचा ‘ये’, बंगालीचा ‘किंवा’, भोजपुरीचा ‘आहे’ आणि फारसीचा ‘सहित’ हे चार वेगळ्या उगमांतून निघून एकाच उच्चारावर येऊन ठेपले आहेत. लहान शब्दांचे असेच होते. जो शब्द रोज शेकडो वेळा तोंडात येतो तो झिजतो, आणि झिजून झिजून एक व्यंजन आणि एक स्वर उरला की जगातल्या कुठल्याही भाषेतल्या कुठल्या तरी शब्दाशी तो जुळणारच. चिनी भाषेत एका सुरात ‘बा’ म्हणजे आठ, दुसऱ्या सुरात बाप. व्हिएतनामीत तीन, दक्षिण व्हिएतनाममध्ये बापही, आणि सूर उतरता केला की आजी. प्राचीन इजिप्तमध्ये ‘बा’ हा माणसाचे डोके असलेल्या पक्ष्याच्या रूपात दाखवलेला आत्मा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. मराठीत बाप, चिनीत बाप, दक्षिण व्हिएतनामीत बाप, तर काहीच नाते नाही कसे? याचे उत्तर भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९६० च्या सुमारास दिले. तान्ह्या मुलाला पहिल्यांदा साधणारे आवाज ओठांचे: म, ब, प. मूल ते निरर्थकपणे उच्चारते आणि समोरची मोठी माणसे त्यांत स्वतःला ओळखतात. कुणी ओळखायचे हे मात्र त्या त्या समाजाने ठरवले. म्हणून गुजरातीत ‘बा’ आई झाली आणि मराठीत बाप. म्हणून जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप आणि आपल्याकडे आईचा भाऊ. आपला ‘बाप’ प्राकृतातल्या ‘बप्प’मधून आला हे खरे, पण अशा शब्दांवरून कुळे जुळवू पाहणे म्हणजे पाळण्यातल्या पोराच्या हुंकाराला सातबारा मानण्यासारखे आहे.

आता ज्या ‘बा’साठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळतो. ‘नको बा’, ‘असेल बा’, ‘आपल्याला नाही जमायचं बा’. संतांच्या वाणीत देवाला हाक मारताना हाच ‘बा’ आधी येतो. बोलीत तो वाक्याच्या शेवटी जाऊन बसला आणि त्याचे वजन गेले. नाते सांगणारा शब्द आधी हाक झाला आणि हाकेचा पुढे सूर झाला. ‘बाबा’ आणि ‘बुवा’ यांनीही हाच प्रवास केला: ‘नको रे बाबा’, ‘नाही बुवा’. प्रमाणभाषेचे अभिमानी याला गावंढळ भर समजून गाळतात, शाळेच्या वहीत मास्तर त्याच्यावर लाल रेघ मारतात. ही मोठी चूक आहे. ‘मला ठाऊक नाही’ आणि ‘मला नाही बा ठाऊक’ ही दोन वाक्ये सारखी नाहीत. दुसऱ्यात बोलणारा माहिती नाकारतो आणि त्याच दमात जबाबदारीही झटकतो, तेही समोरच्याला न दुखावता. मंद्रूपच्या कन्नडमध्ये हेच वाक्य ‘ननगे गोत्तिल्लप्पा’ असे होते. ‘अप्पा’ म्हणजे बाप. तोही क्रियापदाला चिकटून तेच काम करतो: ‘हौदप्पा’, ‘बारप्पा’. शब्द वेगळे, उगम वेगळे, पण बापाला वाक्याच्या शेपटाला बांधून बोलणे मऊ करण्याची लकब दोन्हीकडे एक आहे. चिनीतही वाक्याच्या शेवटी ‘बा’ येतो आणि ‘असेल बा’सारखाच अंदाज दाखवतो. त्या ‘बा’शी आपले काहीही नाते नाही, उच्चार जुळला आणि कामही जुळले, इतकेच. उलट ‘अप्पा’शी उच्चार जुळत नसूनही आपली शेजारधर्माची जवळीक आहे.

ही जवळीक कशी घडते याचा मोलाचा अभ्यास गंपर्झ आणि विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या, त्यांच्या निबंधात ‘कुपवार’ असे लिहिलेल्या गावात केला. तो १९७१ मध्ये छापून आला. तिथे कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. निष्कर्ष असा, की या भाषांची वाक्यरचना इतकी एकसारखी झाली की एका भाषेतल्या वाक्यात शब्दाच्या जागी शब्द ठेवला की दुसऱ्या भाषेतले वाक्य तयार व्हावे. शब्द मात्र लोकांनी वेगळे राखले, कारण आपण कोण हे शब्दांवरून कळते. मंद्रूपला ‘बा’चा घोटाळा का होत नाही, याचेही उत्तर यात आहे. ऐकणारा ‘बा’चा अर्थ सुटा शोधत नाही. ‘इल्लि’ कानावर पडताच तो कन्नडमध्ये असतो, ‘माझा’ म्हणताच मराठीत. मग ‘बा’ला दुसरा अर्थ उरतच नाही.

कन्नडमधून मराठीत शब्द आलेच नाहीत असे मला म्हणायचे नाही. ‘तूप’ आला, ‘अडकित्ता’ आला, ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ आले. पण तिथे उच्चाराबरोबर अर्थही जुळतो आणि शब्द कुठल्या वाटेने आला हेही दाखवता येते. ज्याला हे तिन्ही दाखवता येत नाही त्याने व्युत्पत्ती सांगू नये.

खेद वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ग्रिअर्सनच्या भाषा पाहणीत मराठीचा खंड १९०५ चा आणि द्राविडी भाषांचा १९०६ चा. मंद्रूपसारखी गावे या दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये राहिली आणि आजही तिथेच आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यानंतर जी भाषणे झाली त्यांत प्राचीनत्व पुष्कळ होते. आज बोलली जाणारी सीमेवरची मराठी फारशी नव्हती. घरात कन्नड आणि बाहेर मराठी बोलणारी पिढी मुलांना इंग्रजी शाळेत घालते आहे, आणि ‘नाही बा’, ‘गोत्तिल्लप्पा’ या दोन्हींची जागा ‘आय डोन्ट नो’ घेते आहे. मोल्सवर्थने १८३१ मध्ये मराठीचा कोश उभा केला तो गावोगावचे बोलणे टिपून घेणाऱ्यांच्या बळावर. सोलापूर विद्यापीठाने मंद्रूप, अक्कलकोट आणि जत या पट्ट्याचा असा एक बोलीकोश हाती घ्यावा. त्यात मराठी आणि कन्नड शेजारीशेजारी असाव्यात, दखनी आणि तेलुगूही असावी, आणि एका अक्षराच्या शब्दांना पूर्ण पान द्यावे. ज्या घरात हे शब्द आज बोलले जातात तिथल्या वाचकांनी विद्यापीठाची वाट न पाहता ते लिहून ठेवायला सुरुवात करावी.