माळ्यावरच्या कॅसेटमधला कॉन्ट्रा

‘९९९९९९९ इन १’ असे छापलेल्या पिवळ्या कॅसेटमध्ये खेळ किती असत? नव्वदच्या दशकात वाढलेल्या कुणालाही विचारा. नव्व्याण्णव लाखांचा आकडा वाचून वडिलांनी पैसे मोजले आणि पोरांना तासाभरात खरे कळले, अशी ही वस्तू. मेन्यूत नावे बदलत राहत, खेळ बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. एका नावाखाली मारिओ पहिल्यापासून सुरू होई, दुसऱ्या नावाखाली तोच मारिओ मधल्याच कुठल्या तरी लेव्हलपासून. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून सोलापूरच्या अलीकडे महामार्गावर असलेल्या मोहोळसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत एका पिढीने व्हिडिओ गेम म्हणून जे ओळखले, ते हेच.

निन्टेन्डोने आपले फॅमिकॉम हे यंत्र जपानात १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आणले. भारतात त्याची अधिकृत आवृत्ती ‘समुराई’ या नावाने विकली गेली. प्रतिस्पर्धी सेगानेही प्रयत्न केला. ८० टक्के आयात शुल्क टाळण्यासाठी १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीशी करार झाला, तरी यंत्राची किंमत १८,००० रुपये होती. शिक्षकाच्या किंवा ऊस बागायतदाराच्या घरीसुद्धा हा खर्च कुणी पोराच्या हट्टापायी केला नसता. बाजार मारला तो फॅमिकॉमच्या नकलांनी. ‘मीडिया’चे लिटल मास्टर घरोघर पोचले, १९९८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या मिताशीनेही टीव्हीला जोडायचे गेम विकले. यंत्र नकली, कॅसेटही नकली. मूळ कंपनीच्या नावाची ओळ खेळाच्या पहिल्या पडद्यावरून अनेकदा पुसलेली असे.

जतनाच्या दृष्टीने खरी गोम इथेच आहे. निन्टेन्डोच्या मूळ कॅसेटींची काळजी जगाने बऱ्यापैकी घेतली आहे. त्यांतला डेटा हौशी लोकांनी कधीच उतरवून घेतला, तपासला, त्याच्या नोंदी केल्या. टोकियोत गेम प्रिझर्वेशन सोसायटी आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले, की तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. त्यावरही चर्चा झडली. आपल्याकडच्या नकली कॅसेटींचे मात्र फार थोड्यांनी मनावर घेतले. चोरीचा माल, त्याचे काय जपायचे? परंतु आपली मुले खेळली ती हीच आवृत्ती. तिची प्रत निन्टेन्डोच्या क्योटोतल्या मुख्यालयात सापडणार नाही. सापडली तर मोहोळच्या एखाद्या माळ्यावरच सापडेल.

ती उतरवून घेणे म्हणजे नेमके काय? फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असतात. आत एक छोटा बोर्ड आणि त्यावर कायमस्वरूपी डेटा कोरलेल्या चिप. यंत्राचा प्रोसेसर कॅसेटमधला प्रोग्राम एका वेळी साधारण ३२ किलोबाइटच पाहू शकतो. सुपर मारिओ ब्रदर्स त्यात बसतो: प्रोग्रामचे ३२ आणि चित्रांचे ८, एकूण ४० किलोबाइट. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे ‘शुभ सकाळ’चे चित्रसुद्धा याहून मोठे असते. कॉन्ट्रा या खेळाची अमेरिकी आवृत्ती मात्र १२८ किलोबाइटची, म्हणून ती १६ किलोबाइटच्या आठ तुकड्यांत ठेवलेली आहे. पोथीचे एक पान समोर ठेवून वाचून झाले की दुसरे काढावे, तसा यातला हवा तो तुकडा प्रोसेसरपुढे आणला जातो. ही अदलाबदल करणाऱ्या व्यवस्थेला मॅपर म्हणतात.

कॅसेट वाचणारे उपकरण आता घरीही बनवता येते. आर्डुइनो मेगा २५६० या स्वस्त बोर्डावर आधारलेला, आराखडा सर्वांना खुला असलेला एक रीडर प्रसिद्ध आहे. कॅसेट त्यात खोचायची. उपकरण एकेक पत्ता मागत जाते आणि आलेला प्रत्येक बाइट मेमरी कार्डवर लिहिते. फाइलच्या सुरुवातीला १६ बाइटचे शीर्षक लागते, त्यात मॅपर कोणता हे नमूद असते. मूळ कॅसेट असेल तर चहा होईपर्यंत काम आटोपते.

नकली कॅसेट इतकी सरळ नसते. उघडली, तर चिपऐवजी काळ्या राळेचा एक थेंब दिसतो. त्याखाली काय आहे, कुणी बनवले, काहीच छापलेले नसते. मॅपर बनवणाऱ्याच्या मनाप्रमाणे. काही कॅसेटींत तर कोणत्या पत्त्यावर लिहिले यावरूनच तुकडा बदलतो, लिहिलेल्या आकड्याला अर्थच नसतो. यातून वाट मेन्यूच दाखवतो. यंत्र सुरू होताना जो तुकडा समोर असतो तो वाचता येतोच आणि मेन्यूचा प्रोग्राम त्यातच असतो. खेळ निवडल्यावर तो प्रोग्राम कुठे काय लिहितो हे उलगडले, की बाकीच्या तुकड्यांचे कुलूप उघडते. हे काम चिकाटीचे आहे. अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रकल्प म्हणून घ्यावे असे.

तुमच्या कॅसेटमधला कॉन्ट्रा कोणता, हेही त्यातूनच कळते. जपानी कॉन्ट्रात टप्प्यांमधली चित्रदृश्ये आणि नकाशा होता, अमेरिकी आवृत्तीत ती गाळली गेली. नकला करणाऱ्यांनी कधी तीस जीव आयते दिले, कधी नावच बदलले. प्रत्येक फरक त्या काळच्या चोरबाजाराचा पुरावा आहे.

मळलेल्या पिनांमुळे वाचनात चूक होते. कॅसेट चालली नाही की आत फुंकर मारायची, हा त्या काळचा सार्वत्रिक उपाय. मुळात तो घातक, कारण तोंडातला ओलावा धातूवर बसतो. सुती बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसाव्यात आणि वाचन दोनदा करावे. दोन्ही फाइलींची तपासबेरीज, म्हणजे सगळ्या बाइटांवरून काढलेला आकडा, जुळली तरच प्रत विश्वासार्ह. सोलापूरकडची कोरडी हवा पिनांना कोकणातल्या खाऱ्या हवेपेक्षा बरी. पत्र्याखालचा उन्हाळा मात्र प्लॅस्टिकला सोसत नाही.

सगळेच काही कॅसेटमध्ये नसते. भारतातला तेव्हाचा टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रे दाखवणारा. हे खेळ जपान-अमेरिकेतल्या ६० चित्रांसाठी लिहिलेले. त्यामुळे पाल टीव्हीसाठी बनलेल्या नकली यंत्रांवर मारिओ मूळच्यापेक्षा एक षष्ठांशाने हळू धावे, संगीताची लयही तेवढीच संथ. अनेक नकली चिपमध्ये दोन ध्वनिलहरींची अदलाबदल झालेली असे, म्हणून नादही थोडा वेगळा येई. कॅसेटबरोबर यंत्रही राखायला हवे, ते यासाठी.

कायद्याची बाजू अवघड आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला बॅकअप घेऊ देते. पण नकली कॅसेटचा मालक त्यात कसा बसवायचा? २०१२ च्या दुरुस्तीने बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवणुकीची सवलत दिली, तीही ग्रंथालयाकडे त्या कृतीची बिगरडिजिटल प्रत असेल तरच. कॅसेट तर जन्मतःच डिजिटल! पुण्यात १९६४ पासून चित्रपटांसाठी राष्ट्रीय संग्रहालय आहे. खेळांसाठी तशी सोय व्हायची तर आधी ही तरतूद बदलावी लागेल. तोवर उतरवलेली फाइल इंटरनेटवर वाटत सुटणे हा जतनाचा भाग नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवे.

या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर अशी कॅसेट निघालीच, तर भंगारवाल्याला देऊ नका आणि राळेचा थेंब खरवडू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कुठून, कधी, केवढ्याला घेतली हे आठवत असेल तेवढे कागदावर लिहून त्याच पिशवीत ठेवा. डेटा पुढे कुणीही उतरवू शकेल. ही माहिती फक्त तुमच्याकडेच आहे.